तुमच्यासारख्या माणसांमुळे लिफ्ट बंद पडते

प्रिय पुटपुट,

गुरुवार, तेरा नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. घड्याळ तुझ्या डोक्याच्या बरोबर वर टांगलेलं होतं, त्यामुळे वेळेबद्दल माझ्याशी वाद घालू नकोस. त्या वेळी कंपनीच्या नव्या ट्रेनिंग हॉलमध्ये, नुकत्याच नोकरीला लागलेल्या चाळीसएक मुलामुलींसमोर तू एक जुनी कॅसेट लावलीस. कॅसेटमध्ये एक बाई फोनवरून लिफ्टमध्ये अडकलेल्या एका माणसाला झापत होती. ‘‘तुमच्यासारख्या माणसांमुळे लिफ्ट बंद पडते,’’ असं ती म्हणाली आणि सगळा हॉल खो खो हसला. तू बटण दाबून कॅसेट बंद केलीस, हसू ओसरेपर्यंत थांबलीस आणि म्हणालीस, ‘‘ही आमच्या ऑफिसातली सगळ्यात हुशार बाई होती. पण ज्या खुर्चीवर नोकरीला लागली, त्याच खुर्चीवरून रिटायर झाली. का, ते तुम्ही आत्ता ऐकलंत.’’

ती बाई त्या वेळी शेवटच्या रांगेत, दाराला लागून बसली होती. आम्हा निवृत्त मंडळींना नवी इमारत दाखवायला बारा वाजता बोलावलं होतं आणि मी सवयीप्रमाणे तासभर आधी पोचले. दारावर तुझ्या नावाची पाटी दिसली. म्हटलं, आपल्या पोरीला एकदा काम करताना बघावं. तू मला पाहिलं नव्हतंस हे मला ठाऊक आहे. माझं नाव घेतलं नाहीस हेही मान्य. पण माझ्या शेजारच्या मुलीनं डोळ्यांतलं पाणी पुसत माझ्याकडे वळून विचारलं, ‘‘आजी, असे लोक खरंच असायचे?’’ मी म्हटलं, असायचे. आणि उठून निघाले, चहासुद्धा न घेता. मी फुकटचा चहा सोडला म्हणजे मला काय झालं असेल, ते तुझ्याइतकं कुणालाच कळणार नाही.

आता तू म्हणशील, मदर सुपिरियर रुसल्या. रुसले नाही. रुसायला समोरच्यानं समजूत काढावी अशी अपेक्षा लागते. मला तुझी माफीसुद्धा नको; माफी कशी मागावी याचे चार टप्पे तू पडद्यावर दाखवलेस, ते मी वाचले आणि मला एकही पटला नाही. मला हवी आहे ती कॅसेट. हसण्यापुरता कापलेला तुकडा नको, अख्खी कॅसेट हवी. तू त्या मुलांना सांगत होतीस की जुन्या कॅसेटींचा तो खोका आणि ते मशीन एक डिसेंबरला भंगारात जाणार आहे. ती तारीख ऐकल्यापासून मला झोप नाही. कॅसेट का हवी ते सांगते, पण माझ्या क्रमानं. पत्राचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड आहे. निदान या वेळी तरी तसं करू नकोस.

तुला तुझा पहिला दिवस आठवतो का? मला तुझी चप्पल आठवते. एका पट्ट्याला पिन लावलेली होती आणि ती कुणाला दिसू नये म्हणून तू एक पाय दुसऱ्याच्या मागे लपवून उभी होतीस, बगळ्यासारखी. मुलाखतीत तुझं एकही उत्तर कुणाला ऐकू आलं नव्हतं, पण कागदावर मार्क बरे होते, म्हणून तुला घेतलं आणि कुठे बसवावं ते न कळल्यामुळे आमच्या खोलीत पाठवलं. फोनच्या खोलीत! म्हणजे पोहायला न येणाऱ्याला थेट विहिरीवर नोकरी. मी नाव विचारलं, तू काहीतरी पुटपुटलीस. दुसऱ्यांदा विचारलं, पुन्हा पुटपुटलीस. मी म्हटलं, ठीक आहे, आजपासून हेच नाव. तू हसलीस, तेवढं मात्र ऐकू आलं. मला हायसं वाटलं. ज्याला स्वतःवर हसता येतं, त्याला पुढचं सगळं शिकवता येतं.

ती खोली तुझ्या नव्या इमारतीत कुठे दिसली नाही. एक खिडकी, दोन लाल फोन, भिंतभर शहराचा नकाशा आणि चाक निखळलेली ती खुर्ची, जिच्यावर बसलेला माणूस बोलता बोलता डावीकडे सरकत जायचा. कंपनीच्या प्रत्येक लिफ्टमध्ये भिंतीत एक छोटा फोन असायचा. आतल्या माणसानं तो उचलला की आपल्याकडे लाल फोन वाजायचा. त्याच्याकडून फोनशेजारच्या प्लेटवरचा नंबर घ्यायचा, नंबरावरून पत्ता काढायचा, जवळच्या मिस्त्रीला पाठवायचं आणि मिस्त्री पोचेपर्यंत आतल्या माणसाला फोनवर धरून ठेवायचं. दार उघडायचं काम मिस्त्रीचं. तोवर माणूस शाबूत ठेवायचं काम आपलं.

तुझ्या पहिल्या फोनला काय झालं होतं, हे तू त्या मुलांना सांगतेस की नाही? एक बाई अडकल्या होत्या. तशा अगदी शांत होत्या, थोड्या वैतागलेल्या. तू त्यांना म्हणालीस, घाबरू नका. त्या म्हणाल्या, बरं. तू पुन्हा म्हणालीस, अजिबात घाबरू नका. असं इतक्या वेळा झालं की शेवटी त्यांनी विचारलं, ‘‘का हो, घाबरण्यासारखं काय झालंय? मला सांगत का नाही?’’ आणि त्यांनी जो हंबरडा फोडला! मग तूही रडायला लागलीस. मी तुझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि बाईंना विचारलं, गॅसवर काय ठेवून निघालात? दूध. मग दूध ठेवून वर कशाला गेलात? वाळत घातलेले कपडे आणायला. कोणाचे? नवऱ्याचे. तो काय करतोय? पेपर वाचतोय. त्याला उठता येत नाही का? दोनच मिनिटांत बाई नवऱ्यावर इतक्या तापल्या की लिफ्टचं नावसुद्धा विसरल्या. दुसऱ्या फोनवरून मी त्या पेपरवाल्याला दूध उतरवायला लावलं. मिस्त्रीनं दार उघडलं तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, थांबा, माझं बोलणं संपू दे.

त्या दिवशी संध्याकाळी तू मला विचारलंस, तुम्ही त्यांच्याशी भांडलात का? मी तुला जे सांगितलं ते तू तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं होतंस. भीतीत माणूस एकटा असतो. भांडणाला दोघं लागतात. बंद डब्यात अडकलेल्या माणसाला धरायला काहीतरी हवं असतं. मी त्याला माझा राग देत असे. घे बाबा, माझ्यावर चीड, मी कुठे पळून जात नाही. तो साहेब आठवतो, जो सारखा विचारत होता, मी कोण आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का? मी म्हटलं, तुमचं नाव राहू द्या, प्लेटवरचा नंबर सांगा. मिस्त्री नावावर येत नाही. बाहेर पडल्यावर तो तक्रार करायला तरातरा आपल्या खोलीपर्यंत आला आणि चहा पिऊन गेला. आणि ते दोघे शेजारी! वर्षानुवर्षांचं वैर, नेमके एकाच लिफ्टमध्ये अडकले. पहिला फोन घेऊन मला सांगायचा, त्याला म्हणावं जरा सरक. मग दुसरा फोन घेऊन मला सांगायचा, त्याला म्हणावं तूच सरक. हातभर अंतरावरच्या दोन माणसांचे निरोप मी शहराच्या दुसऱ्या टोकावरून पोचवत होते. तू टेबलाखाली बसून हसत होतीस.

पण मी सगळ्यांनाच झापत नव्हते, हे तू पाहिलंयस. मांडीवर झोपलेलं बाळ घेऊन अडकलेली ती आई आठवते? तिच्याशी मी अर्धा तास कुजबुजत बोलले, दुसऱ्या दिवशी घसा बसला. आणि ते वयस्कर गृहस्थ, जे म्हणाले की मला काही बोलायचं नाही, तुम्हीही बोलू नका, पण फोन ठेवू नका. त्यांच्यासाठी मी नुसती वर्तमानपत्राची पानं उलटत बसले, पलीकडे कोणीतरी आहे हे त्यांना ऐकू यावं म्हणून. हे तुझ्या भाषेत काय, ते मला माहीत नाही. मी फक्त आत कोण आहे, ते ऐकत असे.

आमच्या शाळेतल्या सिस्टरनी मला हे शिकवलं. म्हणजे त्यांना वाटत होतं की त्या मला कविता म्हणायला शिकवताहेत. मला शेवटच्या बाकापलीकडे, भिंतीला पाठ लावून उभं करायच्या आणि स्वतः फळ्याजवळ डोळे मिटून बसायच्या. मी जरा पोक काढलं की डोळे न उघडता म्हणायच्या, पाठ सरळ. मला वाटायचं, यांना दैवी दृष्टी आहे. मोठेपणी कळलं की वाकलेली पाठ ऐकू येते. म्हणून मी तुला दुपारच्या सुट्टीत कॉरिडॉरच्या टोकाला उभं करून वर्तमानपत्र वाचायला लावत असे, आधी हवामान, मग बाजारभाव, शेवटी अग्रलेख. शिपाई हसायचे. ऑफिसात मला मदर सुपिरियर म्हणायला त्यांनी तेव्हाच सुरुवात केली असावी. तीन महिन्यांनी एक दिवस तू चहावाल्याला थंड चहाबद्दल असं काही सुनावलंस की वरच्या मजल्यावरून दोघे बघायला आले. त्या दिवशी घरी जाताना मला रस्ता हलका वाटला.

संध्याकाळी आपण दोघी एकत्रच बाहेर पडत असू. गेटपाशी आमचे हे उभे असायचे, हे तुझ्या लक्षात असेल. हातात छत्री, ऊन असो की नसो. सर्व्हे ऑफिसात नकाशे काढायचं काम. त्यांच्या शर्टाच्या खिशात नेहमी शिसपेन्सिल असायची आणि बोटाला टोक केल्याचा काळा डाग. तुला बघून मान हलवायचे, तू मान हलवायचीस. एवढ्या वर्षांत तुमच्या दोघांत एका शब्दाची देवाणघेवाण झाली नाही. एकदा तू मला घाबरत घाबरत विचारलंस, त्यांना बोलता येतं ना? मी म्हटलं, आमच्या घरी बोलायचं खातं माझ्याकडे आहे, त्यांना बदली मिळत नाही.

मग ट्रेनिंग विभागात जागा निघाली. तू अर्जच करणार नव्हतीस. मी तो भरून घेतला आणि स्टेशनरीच्या कोठीत तुझी तयारी करून घेतली. कागदाच्या गठ्ठ्यांवर मी डायरेक्टर होऊन बसायचे आणि तुला वेडेवाकडे प्रश्न विचारायचे. उत्तर सुचलं नाही की तू पुन्हा पुटपुटायला लागायचीस. म्हणून मी तुला सांगितलं, प्रश्न आला की आधी पाण्याचा एक घोट घे. घोट गिळेपर्यंत उत्तर येतं, आणि नाही आलं तरी समोरच्याला वाटतं की बाई विचार करतेय. परवा तू तेच शिकवत होतीस. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘द पॉवर ऑफ पॉझ’ आणि खाली कुठल्याशा परदेशी प्रोफेसरचं नाव. अगं, तो माझा घोट आहे! कोठीतल्या फुटक्या कानाच्या पेल्यातला. प्रोफेसर तेव्हा शाळेत असतील. ते असो. तुझी निवड झाली तेव्हा मी सगळ्या मजल्यांवर सांगत फिरले होते आणि लिफ्ट कंपनीत असून जिन्यानं फिरले, कारण मला प्रत्येकाला वेगळं गाठायचं होतं.

आता तुझ्या विषयाबद्दल. तू त्या मुलांना सांगितलंस की नुसत्या हुशारीवर माणूस आत येतो, वर मात्र वागण्या-बोलण्यावर जातो. खरं आहे. मी शेवटच्या रांगेत मान डोलावली. डिग्री घेऊन आलेले कितीतरी बृहस्पती एका पायरीवर जन्मभर बसलेले मी पाहिले, कारण त्यांना दुसऱ्याचं वाक्य पूर्ण होऊ देता येत नव्हतं. ऐकून घ्यावं, नाही म्हणायचं ते न दुखवता म्हणावं, चूक झाली तर कबूल करावी, सोबत्याचं श्रेय सोबत्याला द्यावं, हे सगळं तू नीट शिकवतेस. चांगली बोलतेस. पाठ सरळ होती. मला अभिमान वाटत होता, अकरा वाजून एकोणीस मिनिटांपर्यंत.

आणि माझ्याबद्दल तू जे म्हणालीस, तेही अर्धं खरंच आहे. अडकलेल्या माणसांशी मला बोलता येत होतं, वर बसलेल्यांशी नाही. त्यांच्याशी बोलताना मला कधी वाटलंच नाही की हेही कुठेतरी अडकले असतील. आपल्या मॅनेजरसमोर, त्या इस्त्रीसाहेबांसमोर, दोन गोड शब्द बोलले असते तर माझं काही झिजलं नसतं. पण त्यांच्या शर्टाची घडी कधी मोडायची नाही आणि ती बघितली की माझ्या जिभेला खाज सुटायची. लोक म्हणायचे, बाईंच्या नाकावर राग आहे. असेल. नाक सरळ होतं, तिथे काहीही नीट बसायचं.

पण त्याच खुर्चीवरून रिटायर झाले, ते का, हे तू ऐकवलंस त्यातून कळत नाही. ते सांगते.

तू वरच्या मजल्यावर गेलीस त्यानंतर दोनेक वर्षांची गोष्ट. आमच्या खोलीत तोवर फोन रेकॉर्ड करायचं मशीन आलं होतं आणि भिंतीवर इस्त्रीसाहेबांच्या सहीचा नियम लागला होता, की या फोनवर खासगी संभाषण करणाऱ्याला समज देण्यात येईल. त्याच वर्षी आमच्या विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली होती आणि ती मला मिळणार हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. एका दुपारी लाल फोन वाजला. पलीकडून आधी नुसता खोकला आला. मग मी काही विचारायच्या आत प्लेटवरचा नंबर, एकेक आकडा सुटा सुटा. इतका शहाणा अडकलेला माणूस मला त्याआधी कधी भेटला नव्हता. नकाशावर बघितलं. दवाखान्यांची इमारत, सातव्या मजल्यावर हृदयाचे डॉक्टर. मिस्त्री शहराच्या भलत्या टोकाला होता. त्या गृहस्थांचा श्वास मला नीट ऐकू येत होता आणि तो मला मुळीच आवडला नाही. मी पाठ सरळ केली आणि झापायला सुरुवात केली. एकटेच निघालात? घरात सांगून निघायची पद्धत आहे की नाही? जिने चढवत नाहीत आणि ते कबूलही करवत नाही. खाली बसा आधी, पँट मळली तर धुता येते. तुमच्यासारख्या माणसांमुळे लिफ्ट बंद पडते.

इथे तू बटण दाबलंस. इस्त्रीसाहेबांनीही नेमकं इथेच दाबलं होतं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून तेवढाच तुकडा ऐकवला, ऐकताना कपाळाला हात लावला आणि म्हणाले, बाई, यावर तुमचं काही स्पष्टीकरण? माझ्याकडे एका वाक्याचं स्पष्टीकरण होतं. ते दिलं असतं तर कदाचित त्यांनाही माझी भाषा समजली असती. पण मग त्यांनी पुढचं ऐकलं असतं, नियम मोडला की नाही ते तपासायला, आणि ते पुढचं त्यांच्या कानांवर पडावं असं मला वाटत नव्हतं. मी म्हटलं, स्पष्टीकरण काही नाही, माझी भाषाच तशी आहे. प्रमुखाची जागा साखरेत घोळलेल्या जिभेच्या एका बाईंना गेली. चांगल्या होत्या त्या, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. कॅसेटवर इस्त्रीसाहेबांनी ‘कसे बोलू नये’ अशी चिठ्ठी लावली आणि ती ट्रेनिंगच्या खोक्यात गेली. म्हणूनच बाकीच्या कॅसेटी पुसल्या गेल्या तरी ही टिकली. त्यांचे माझ्यावर असलेले एकमेव उपकार, आणि तेही त्यांना न कळता झालेले.

आता ते एक वाक्य. लिफ्टमध्ये अडकलेले गृहस्थ म्हणजे आमचे हे. खोकल्यावरूनच मी ओळखलं होतं. मला काळजी नको म्हणून न सांगता डॉक्टरांकडे निघाले होते, आणि अडकून फोन उचलला तर पलीकडे मीच. भिंतीवर नियम, मशीन चालू, आणि माझ्या आवाजात भीती ऐकू आली असती तर त्यांच्या काळजानं काय केलं असतं, कोण जाणे. म्हणून मी रोज कुणाशीही बोलेन तशी बोलले. तू बटण दाबलंस त्याच्या पुढच्याच क्षणी ते हसले आहेत. मग म्हणाले, बाई, आमच्या घरी पण अगदी असंच बोलतात. मी विचारलं, कोण? म्हणाले, मिसेस. मी विचारलं, काय करतात तुमच्या मिसेस? म्हणाले, फोनवर लोकांना ओरडतात. आणि मग ज्या माणसानं घरात आठवड्याला दहा वाक्यं कधी बोलली नाहीत, तो त्या डब्यात खाली बसून, मिस्त्री येईपर्यंत पाऊण तास फोनवरच्या परक्या बाईंना आपल्या बायकोबद्दल सांगत राहिला. त्यातलं मी तुला एकच सांगते. म्हणाले, लोकांना मी घुमा वाटतो. तसं नाही. ती दिवसभर परक्यांचं ऐकून येते. म्हटलं, घरी आल्यावर तरी तिच्या कानांना सुट्टी असावी. मी म्हटलं, हे तुम्ही त्यांना सांगितलंत का? म्हणाले, नाही, तुम्हाला सांगतोय. त्या संध्याकाळी ते नेहमीसारखे गेटपाशी उभे होते, छत्री घेऊन. घरी पोचल्यावर त्यांनी विचारलं, आज काम कसं होतं? मी म्हटलं, एक गृहस्थ अडकले होते. म्हणाले, सुटले का? मी म्हटलं, सुटले. आणि आम्ही दोघांनी त्यानंतर पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही.

गेल्या वर्षी ते गेले. तू भेटायला आली होतीस, तासभर माझा हात धरून गप्प बसलीस आणि ‘मी समजू शकते’ म्हणाली नाहीस. ते मी विसरलेले नाही, म्हणून तर हे पत्र तुला आहे, तुझ्या साहेबाला नाही. घरातल्या फोनवर निरोप घ्यायच्या यंत्रात माझा आवाज आहे. लग्नातल्या, सहलीतल्या सगळ्या फिती मी पाहिल्या. सगळ्यांत मी बोलतेय आणि ते बाजूला उभे राहून ऐकताहेत. त्यांचा आवाज या जगात एकाच ठिकाणी उरला आहे, आणि तेरा तारखेला तुझ्या हॉलमध्ये मी तो अचानक ऐकला, एक खोकला आणि काही आकडे. लोक मला हसत होते, त्याचं मला काही वाटलं नाही. ते बोलायला लागणार, एवढ्यात तू बटण दाबलंस. तेव्हा ती कॅसेट खोक्यातून काढ. शाबूत आहे का ते बघायला तुला ती ऐकावी लागेल. ऐक, पण दार लावून एकटी ऐक, आणि तुझ्या मुलांना त्यातलं काही ऐकवू नकोस, ती आमची घरगुती बाब आहे. ती ऐकायचं मशीनही भंगारात जाणार असेल, तर तेही बाजूला काढून ठेव. मी रिक्षा घेऊन येईन. हे सगळं केलंस की नाही, ते मला शुक्रवार, अठ्ठावीस नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. लेखी. फोन करू नकोस. मी फोनवर कशी बोलते, ते तू सगळ्यांना ऐकवलंच आहेस, आणि या विषयावर फोनवर माझी पाठ सरळ राहील, याची मला खात्री नाही.

तुझीच,
मदर सुपिरियर